लक्ष्मीचे माहेर यवनांच्या टांकसाळीत नाही

कमळावर उभी राहिलेली, दोन्ही बाजूंनी हत्ती सोंडेने जिला न्हाऊ घालतात ती लक्ष्मी मुळात ग्रीक देवता आहे, असे विधान हल्ली फार सहजपणे केले जाते. रीत ठरलेली आहे. ग्रीक नाण्यावरची नशिबाची देवी टायकी किंवा विजयाची देवी नायकी एका बाजूला ठेवायची, आपली लक्ष्मी दुसऱ्या बाजूला, आणि समोरच्याला म्हणायचे, पाहा, सारखीच आहे की नाही. आता या विधानात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीलाही ओढले जाते. पवनीत महाक्षत्रपाचा शिलालेख सापडला. क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे असत. म्हणजे ग्रीक कला वैनगंगेपर्यंत पोचली होती. म्हणून इथल्या स्तूपाचे शिल्पकाम आणि त्या काळातल्या सगळ्या देवीमूर्ती यवनांच्याच हाताखाली घडल्या, अशी ही साखळी आहे. तिच्यातली एकही कडी भार सोसत नाही, हे मला दाखवायचे आहे.

विचार जुनाच आहे. १८८९ मध्ये व्हिन्सेंट स्मिथने प्राचीन भारतावरच्या ग्रीक-रोमन प्रभावाबद्दल विस्तृत निबंध लिहिला. पुढे आल्फ्रेड फुशे या फ्रेंच पंडिताने बुद्धमूर्तीचा उगम ग्रीक असल्याचे मांडले. त्याला आनंद कुमारस्वामींनी १९२७ मध्ये सविस्तर उत्तर दिले आणि लगेच दोन वर्षांनी श्री-लक्ष्मीच्या मूर्तिपरंपरेवर स्वतंत्र लेख लिहिला. स्मिथ आणि फुशे यांच्यावर माझा रोष नाही. त्यांच्यापुढे जे होते त्यावरून त्यांनी अनुमान बांधले. पण गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राच्या मातीतून जे निघाले, ते न पाहता तेच अनुमान आज सिद्ध सत्य म्हणून सांगितले जाते, तेव्हा गप्प बसणे बरे नाही.

सुरुवात पवनीपासूनच करू. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये इथे मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो १९७२ मध्ये निघाला. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा प्रचंड स्तूप, भोवतीचा प्रदक्षिणापथ आणि दगडी वेदिकेचे खांब बाहेर आले. खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात. स्तूपाची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे जाते. वाढ पुढच्या शतकांतली.

या खांबांवर कोरले काय आहे? बोधिवृक्ष आहे, त्याखाली आसन आहे, आणि आसन रिकामे आहे. भोवती माणसे हात जोडून आहेत; पण ज्याच्यासाठी हात जोडले तो बुद्ध देहरूपाने तिथे नाही. दुसरीकडे मुचलिंद नाग फणा काढून आहे, आणि पाहणाऱ्याला तो ओळखता यावा म्हणून त्याचे नावही कोरले आहे. ही चाल भारहुतच्या स्तूपाची आहे. तिथेही मूर्तींजवळ नावे कोरलेली आहेत. त्यातली एक ‘सिरिमा देवता’, म्हणजे श्री. सांचीतही बुद्ध असाच आसन, वृक्ष आणि चक्र यांतून दाखवला आहे.

आता ग्रीक शिल्पाचा पाया काय, ते आठवा. देव म्हणजे माणसाचा देह, तोही प्रमाणबद्ध, स्नायू दाखवणारा, जागा व्यापून उभा राहिलेला. अथेन्सच्या शिल्पीला अथीना दाखवायची तर तो प्रथम तिचे शरीर घडवतो. पवनीच्या शिल्पीने नेमकी हीच गोष्ट टाळली. त्याने सर्वांत पूज्य व्यक्तीची जागा मोकळी सोडली, आणि भक्तांची शरीरे दगडाच्या पृष्ठभागाला धरून, उथळ उठावात कोरली. ग्रीक गुरूच्या हाताखाली शिकलेला माणूस गुरूचा पहिलाच धडा कसा विसरेल? कोणा दोन मूर्तींचे कपडे किंवा केशरचना जुळली म्हणून हा मूलभूत फरक पुसला जात नाही.

राहिला क्षत्रपांचा लेख. पवनीचा हा लेख महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मृतिस्तंभावर आहे. वासुदेव विष्णू मिराशींनी तो अभ्यासकांपुढे आणला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनाचे दुसरे शतक. म्हणजे स्तूपाच्या पहिल्या उभारणीनंतर कित्येक पिढ्या उलटून गेल्यावरचा. जो माणूस नंतर आला, त्याच्यामुळे आधीचे शिल्प घडले असे कसे म्हणता येईल? आणि क्षत्रपांच्या नाण्यांचे म्हणाल तर नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती. त्यांच्यावर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. ग्रीक देवी कुठेच नाही. त्यांतली बहुतेक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपल्या छापाखाली ठोकली. त्याच्या छापावर पर्वत आणि उज्जैन चिन्ह आले, देवी तिथेही नाही. नाण्यावर राजाचा चेहरा घालण्याची प्रथा ग्रीकांकडून शक-क्षत्रपांमार्फत आपल्याकडे आली आणि सातवाहनांनी ती काही काळ उचलली, हे मान्य करायला कोणाला अडचण नसावी. पण चेहरा आला म्हणजे देवी आली, असे होत नाही.

या वादात जुन्नरचा पुरावा सर्वांत बोलका आहे. तो पुण्याकडच्या लोकांना ठाऊक आहे. विदर्भात त्याची चर्चा क्वचित होते. जुन्नरच्या मनमोडी डोंगरात एक चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी कमानीतला अर्धवर्तुळाकार भाग उमललेल्या कमळासारखा पाकळ्यांत विभागला आहे. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे. शेजारच्या पाकळ्यांत कमळांवर उभे राहिलेले हत्ती तिच्यावर पाणी ओतत आहेत, आणि त्यांच्या पलीकडे हात जोडलेली माणसे. त्याच दर्शनी भागावर ब्राह्मीत लेख आहे: हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाचे दान. सातवाहन काळातला एक यवन, पदरचे पैसे घालून, सह्याद्रीतल्या बौद्ध लेण्याला दरवाजा करून देतो, आणि त्यावर कोण बसते? अथीना नाही, नायकी नाही, शिंग घेतलेली टायकीही नाही. गजलक्ष्मी बसते, तीही पश्चिम घाटातल्या पाथरवटाच्या हातची. अंगावर ग्रीक चुण्यांचे वस्त्र नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, हातात भाला नाही.

यवन शब्दाचा अर्थ नेमका ग्रीक घ्यायचा की पश्चिमेकडून आलेला कोणीही परका, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्यांचे सगळे म्हणणे यवन या एका शब्दावर उभे आहे, त्यांनी जुन्नरलाही तोच अर्थ घ्यावा. तसा घेतला की त्यांची बाजू कोसळते. यवन इथे आला तेव्हा त्याने आपली देवी लादली नाही. इथली देवी स्वीकारली. कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकटाच्या अनेक यवनांनी एकेक खांब दिला. त्या खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. नाशिकच्या लेण्यांत दत्तामित्रीहून आलेला यवन इंद्राग्निदत्त याचे दान आहे. त्याच्या वडिलांचे नाव धर्मदेव. बापलेकांची नावेही इथली झाली होती. दात्याचा पैसा आणि शिल्पीचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लेण्यांइतके स्पष्ट दुसरे कुठेच दिसत नाही.

आता नाण्यांकडे वळू, कारण ग्रीक देवी खरोखर आपल्या डोळ्यांसमोर येते ती नाण्यांवरच. मिनँडर, ज्याला आपण मिलिंद म्हणून ओळखतो, त्याचे चांदीचे छोटे नाणे हातात घेतले तर एका बाजूला त्याचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरांत नाव दिसते. उलट बाजूला अथीना पाठमोरी किंवा बाजूने उभी, एका हातावर ढाल, दुसरा हात वज्र फेकण्यासाठी वर उचललेला. भोवती खरोष्ठीत राजाचे नाव. ही देवी युद्धाची आहे. ती आक्रमक पवित्र्यात आहे, तिच्याभोवती ना पाणी, ना फूल, ना हत्ती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी व्यापाराचा ग्रंथ सांगतो की मिनँडर आणि अपोलोडोटसची जुनी नाणी भडोचला तेव्हाही चालत होती. म्हणजे भडोच, पैठण, तेर या व्यापारी मार्गाने वावरणाऱ्या माणसांनी अथीना डोळ्यांनी पाहिली असणार. दोनशे वर्षे ती त्यांच्या कनवटीला राहिली. तरी महाराष्ट्रातल्या एकाही लेण्यात, एकाही स्तूपाच्या खांबावर वज्र फेकणारी अथीना कोरलेली नाही. पाहिले म्हणजे घेतले, असा नियम असता तर ती कुठे तरी दिसली असती.

उलट दिशेचा पुरावा मात्र आहे. अगाथोक्लीस आणि पँटालिऑन हे दोन ग्रीक राजे, काळ साधारण ख्रिस्तपूर्व १९० ते १८०. त्यांच्या तांब्याच्या चौकोनी नाण्यांवर हातात कमळ घेतलेली, भारतीय दागिने घातलेली स्त्री आहे आणि बाजूला ब्राह्मी अक्षरे आहेत. बरेच अभ्यासक तिला लक्ष्मी मानतात. यावर असे म्हटले जाते की कमळधारिणीचे हे सर्वांत जुने नाणे ग्रीकांचे आहे, म्हणून कल्पनाही ग्रीकांची. याच अगाथोक्लीसची चांदीची नाणी १९७० मध्ये अफगाणिस्तानात ऐ खानूमला सापडली. त्यांवर नांगर घेतलेला संकर्षण आणि चक्र घेतलेला वासुदेव आहे. मग बलराम आणि कृष्ण यांचाही शोध अगाथोक्लीसनेच लावला म्हणायचे का? परक्या प्रदेशावर राज्य करायचे, तिथल्या लोकांच्या हातात आपला पैसा खेळवायचा, तर तिथल्या लोकांचे देव नाण्यावर घ्यायचे, हे त्या राजांचे शहाणपण होते. ते त्यांच्या खात्यात जरूर जमा करा. पण देव आधी होता म्हणून तो नाण्यावर आला. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात अझिलिसेस या शक राजाच्या चांदीच्या नाण्यावर कमळावर उभी देवी आणि दोन हत्ती, अशी पूर्ण गजलक्ष्मी आली. तेव्हा भारहुतच्या कठड्यावर ती कधीच कोरून झाली होती. श्रीसूक्तात देवीजवळ कमळेही आहेत आणि हत्तीही. त्या सूक्ताच्या काळाबद्दल वाद असल्याने मी त्याच्यावर भर देत नाही. दगड आणि धातू यांचा पुरावाच पुरेसा आहे.

मूर्तींच्या बाबतीत पाँपेईच्या हस्तिदंती बाहुलीचे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, आणि दोघेही तिच्यावर अन्याय करतात. १९३८ मध्ये अमेदेओ मैउरी यांना ती पाँपेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या घरात ती होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उंची जेमतेम वीतभर. हातभर बांगड्या, पायांत वाळ्यांचे थर, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. सापडताच तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले आणि ते नाव चिकटले. एका बाजूने म्हटले जाते, पाहा, रोमन लोक लक्ष्मीची पूजा करत. दुसरी बाजू म्हणते, दोन सख्यांच्या मध्ये उभी विवस्त्र देवी म्हणजे ॲफ्रोडाइटीच. भारतीय कारागिराने तिची नक्कल केली. बाहुली नीट पाहिली तर तिच्या माथ्यातून खाली आरपार भोक आहे. म्हणजे ती एखाद्या वस्तूचा भाग होती, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. तळाशी खरोष्ठी अक्षर आहे. हातात कमळ नाही, हत्ती नाहीत. म्हणून आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात.

तिच्यासारखी दुसरी बाहुली कुठे आहे, हे पाहिले की प्रश्न सुटायला लागतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला; तिच्याही बाजूला दासी आहेत. ते उत्खनन नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांचे, आणि त्यातही शां. भा. देव होते, ज्यांनी पवनी खणली. तिसरी बहीण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली. आपल्या भूमीत दोन आणि इटलीत एकच, तीही ज्वालामुखीच्या राखेत शिक्का मारल्यासारखी तारखेसह जपलेली. माल कुठून कुठे गेला, हे यापेक्षा अधिक स्पष्ट काय असू शकते?

याच तेरला पांढऱ्या मातीच्या बाहुल्याही मोठ्या संख्येने मिळाल्या. त्या दुहेरी साच्यात केल्या आहेत, पुढचा आणि मागचा भाग वेगळा करून जोडलेल्या, आतून पोकळ. हे तंत्र रोमन जगातून आले, असे बहुतेक पुराविद मानतात आणि मलाही ते पटते. पण साचा बाहेरचा म्हणून चेहरा बाहेरचा ठरत नाही. बाहुल्यांच्या केसांतली फुले, कानातली जड कुंडले, गळ्यातले सर सगळे दख्खनचे आहेत. भंडाऱ्याच्या कासाराने नवी ओतकामाची पद्धत परगावाहून शिकून घेतली, तरी त्याच्या समईवरची लक्ष्मी त्या परगावची होत नाही.

खापरांबद्दल थोडक्यात. ग्रीसच्या रंगीत घटांवर अथीना फार सुंदर आहे. अथेन्सच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून दिल्या जाणाऱ्या तेलाच्या कुंभांवर ती भाला उगारून चालताना दिसते. पण ती घटकला ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकानंतर ओसरली, आणि भूमध्य समुद्राकडून आपल्याकडे जे कुंभ आले ते दारू नि तेल वाहणारे साधे, चित्र नसलेले. पवनीच्या खालच्या थरांत आहेत ती विदर्भाची काळी-तांबडी खापरे. त्यांच्यावर कोणत्याच देवीचे चित्र नाही. ‘नाणी, खापरे आणि शिल्पे यांचा एकत्रित पुरावा’ असे मोठ्या आवाजात म्हणणाऱ्यांनी त्या तीनपैकी एक गोष्ट मुळातच उपलब्ध नाही, हे लक्षात घ्यावे.

लज्जागौरीचा विषय थोडा अवघड आहे, कारण तिथे समोर ह. धी. सांकलिया आहेत. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया ज्यांनी घातला त्या सांकलियांनी १९६० मध्ये विवस्त्र देवीवर लेख लिहिला आणि रोमन व्यापाराच्या काळात ग्रीक-इजिप्ती जगातल्या बाऊबो या स्त्रीप्रतिमेपासून आपल्या लज्जागौरीला प्रेरणा मिळाली असावी असे सुचवले. त्यांनी ते अनुमान म्हणून मांडले. त्यांचे नाव घेऊन आज ते निकालासारखे वाचले जाते. तुलना करून पाहा. आशिया मायनरमधल्या प्रीनीला सापडलेल्या बाऊबोच्या मूर्तींना धडच नाही. चेहरा थेट पायांवर, पोटाच्या जागी बसवलेला. आपल्या लज्जागौरीला धड आहे, स्तन आहेत, पण डोके नाही, आणि डोक्याच्या जागी कमळ उमललेले आहे. बाऊबोच्या इतर मूर्तींशी साम्य दिसते तेही फक्त पाय फाकवून बसण्याचे, आणि बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीने जगभर कुठेही घेतलेली ती स्थिती आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात हा माग इथल्याच मातीत काढला: वारूळ, घट, रेणुका, सांतेरी, भूमी. त्यांच्या प्रत्येक जुळणीशी सहमत व्हावे असे नाही. पण ज्या देवीची पूजा गावोगाव आजही चालू आहे तिचा अर्थ लावायला त्यांनी आधी तिच्या भक्तांकडे पाहिले, ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते.

इथपर्यंत वाचून जे खूश झाले असतील आणि ‘म्हणजे ग्रीकांकडून काहीच आले नाही’ असे म्हणायला सरसावतील, त्यांनाही मला तितक्याच ठामपणे विरोध करायचा आहे. ग्रीक देवी आपल्याकडे आली, आणि ती कशी आली हे पायरीपायरीने दाखवता येते. टायकी ही नशिबाची, नगराच्या भरभराटीची देवी. तिच्या हातात फळांनी भरलेले शिंग असते. कुषाणांनी आपली इराणी समृद्धिदेवता अर्दोक्षो नाण्यावर घेतली तेव्हा टायकीचे हे शिंग तिच्या हातात दिले आणि नाव ग्रीक अक्षरांत लिहिले. गुप्तांनी कुषाणांचे नाणे समोर ठेवून आपले सोन्याचे नाणे पाडले. समुद्रगुप्ताच्या ध्वज प्रकारच्या नाण्यावर राजा कुषाणांसारखाच कोट-विजार घालून उभा आहे, आणि उलट बाजूला उच्च आसनावर बसलेल्या देवीच्या हातात तेच शिंग आहे. चंद्रगुप्त दुसरा याच्या धनुर्धर प्रकारात हळूहळू सिंहासन जाते, कमळ येते. शिंग जाते, हातातही कमळ येते. १९४६ मध्ये राजस्थानात बयाना इथे गुप्तांच्या सोन्याच्या १,८२१ नाण्यांचा साठा हाती आला. अनंत सदाशिव अळतेकरांनी त्याची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. ती चाळली तर हे स्थित्यंतर नाण्यामागून नाणे डोळ्यांपुढे घडते. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे, नागपूरजवळच्या नंदिवर्धनात दिली होती, आणि मुलगे लहान असताना इथला कारभार तिने पाहिला. म्हणजे ज्या घराण्याने टायकीच्या शिंगाच्या जागी कमळ आणले, त्या घराण्याची लेक विदर्भावर राज्य करत होती.

गुप्तांच्या नाण्यावरचा ग्रीक अंश मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही, कारण तिथे काळ जुळतो, वाट जुळते, मधले दुवे हातात आहेत आणि हातातली वस्तू, ते शिंग, इतकी विशिष्ट आहे की ती दोन ठिकाणी आपोआप सुचणे अशक्य आहे. नेमक्या याच चार गोष्टी पवनीच्या बाबतीत नाहीत. काळ उलटा आहे, हिंदुकुशापासून वैनगंगेपर्यंतची वाट दाखवलेली नाही, मधला दुवा म्हणून जो क्षत्रप पुढे केला जातो तो नंतरचा आहे, आणि अथीना, नायकी किंवा टायकी यांची ओळख पटवणारी एकही वस्तू त्या खांबांवर नाही.

पवनीच्या तटबंदीच्या आतला बराच भाग आजही घरांखाली आणि शेताखाली आहे. उद्या तिथे मिनँडरचे नाणे निघाले तर मी आनंदाने मान्य करीन की व्यापार इथवर पोचला होता. पण नाणे वापरणारा आणि खांब कोरणारा एकच होता, हे त्यावरून ठरणार नाही. त्यासाठी ख्रिस्तपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या थरातला वेदिकेचा खांब हवा, ज्यावर ढाल, शिरस्त्राण किंवा फळांचे शिंग घेतलेली देवी असेल. तसा खांब निघाला तर हा लेख मी स्वतः मागे घेईन. ज्यांना पवनी यवनांच्या खात्यावर लिहायची आहे, त्यांनी तो दाखवावा.